एका नावाला एक अर्ज

दोन्ही फोन रात्रभर ओट्याच्या कडेला शेजारी शेजारी चार्जिंगला लावलेले असायचे, आणि त्या सकाळी वाजला तो फक्त सासूबाईंचा. ती चहा गाळत होती. गाळणं तसंच हवेत धरून तिने दुसऱ्याची वाट पाहिली, कारण नेहमी ते एकापाठोपाठ एक वाजायचे, मध्ये एखादा श्वास घेण्याइतकी उसंत. गाळण्यातून शेवटचा थेंब पडला. दुसरा फोन गप्पच. तिने तो उचलला, पडदा बोटाने वरखाली केला, बंद करून पुन्हा चालू केला. कर्ज घ्या म्हणून बँकेची जाहिरात होती, विजेच्या बिलाची आठवण होती. बस्स. "आला का गं त्याचा?" सासूबाईंनी आतून विचारलं. त्याचा म्हणजे त्यांच्या मुलाचा, तिच्या नवऱ्याचा. खरं तर तो निरोप त्याचा नसायचाच, बँकेचा असायचा : अमुक कंपनीच्या समभागांसाठी तुमच्या नावाने अर्ज आला आहे, अमुक रक्कम अडकवून ठेवायला मंजुरी द्या, पिन टाका, मुदत उद्या संध्याकाळी पाच. पण अर्ज भरणारा तो होता, आणि घर सोडून गेल्यानंतरच्या चार वर्षांत त्याच्याकडून या घरात नेमाने येणारी हीच एक गोष्ट होती. कुठल्यातरी कंपनीला पहिल्यांदा बाजारात उतरायची हुक्की यायची आणि इथे या दोन बायकांचे फोन वाजायचे. "तुमच्यावर आलाय," ती म्हणाली. आणि मग, आपण हे का बोलतोय हे न कळून, "माझ्यावर नाही आला." आतून पलंगाची करकर ऐकू आली, सपाता शोधणाऱ्या पायांची खसफस ऐकू आली. "रेंज नसेल," दारात येत सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही एकाच ओट्यावर आहेत, आई." "मग मागाहून येईल," असं म्हणून त्यांनी आपला फोन डोळ्यांपाशी नेला, कप उचलावा तसा दोन्ही हातांनी.

ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून माणसांच्या जबड्यांचे साचे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा, वरचे खालचे जुळतात का पाहायचं, मग मेण जाऊन त्या जागी गुलाबी हिरडी यायची. काम करताना डोकं मोकळं राहायचं, हेच त्या कामाचं सुख आणि हेच दुःख. त्या दिवशी मेण सारखं जास्त तापत होतं. लॅबमध्ये सकाळपासून एकच विषय. गाद्या बनवणारी एक मोठी कंपनी बाजारात येत होती आणि ज्याला त्याला तिचे शेअर हवे होते. पलीकडच्या टेबलावर सिरॅमिकचं काम करणारा, ज्याला सगळे बातमीदार म्हणायचे, तो म्हणाला, "अहो ताई, गादीवालीला भरलंत की नाही? लागला तर पहिल्याच दिवशी दीडपट. लागणार नाही म्हणा, शेअर आहेत त्याच्या पन्नास पट अर्ज आलेत या इश्यूला, पण नाव घालून ठेवायला काय जातंय?" "भरलंय," ती म्हणाली. "मंजुरीचा मेसेज आला? माझा सकाळीच आला." "आला की." मग तिने एक सुळा उचलला, मेणात टेकवला, तो वाकडा बसला. काढला. पुन्हा बसवला. इतकी वर्षं या निरोपाचा तिला संताप यायचा. घर सोडून गेलेल्या माणसाने आपलं नाव तेवढं खुंटीवरच्या छत्रीसारखं गरज पडली की काढून न्यावं, याचा. प्रत्येक वेळी पिन टाकताना ती मनात म्हणायची, हे शेवटचं. आणि आज तो आला नाही तर सकाळपासून दर थोड्या वेळाने ती फोन काढून बघत होती. आपल्याला नेमकं काय झालंय हे तिला कळेना. नको असलेला पाहुणा आला नाही म्हणून कोणी दारात ताटकळतं का?

हा सगळा खेळ तिला शिकवला होता त्यानेच, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा, एका सुटीच्या दुपारी. पडदे ओढलेले होते, सासूबाई झोपल्या होत्या, आणि तो लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसला होता. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत तो सुपरवायझर होता; दिवसभर शिडीवर आणि खड्ड्यात असायचा; घरी बोलायचा नाही. त्या दुपारी मात्र तिला शेजारी ओढून घेऊन तो मुलाला गणित शिकवावं तसा बोलत राहिला. बघ, कंपनी पहिल्यांदाच आपला हिस्सा लोकांना विकते. त्यात आपल्यासारख्या किरकोळ माणसांचा वाटा वेगळा काढून ठेवलेला असतो, मोठ्यांना तिथे हात घालता येत नाही. भाव एवढ्यापासून एवढ्यापर्यंत असा दिलेला असतो, आपण कशाला डोकं चालवायचं? इथे टिक करायची, 'जो ठरेल तो भाव मान्य'. कमीत कमी एक लॉट, म्हणजे ठरावीक शेअरचा गठ्ठा, तेवढाच भरायचा. पैसे जात नाहीत, खात्यातच राहतात, फक्त आपल्याला हात लावता येत नाही. आणि मागणी फार झाली की सोडत. चिठ्ठ्या टाकल्यासारखी. तिथे लहान-मोठा नाही, शहाणा-खुळा नाही. एका नावाला एक अर्ज. मी एकट्याने दहा केले तर दहाही बाद. म्हणून घरात जेवढी नावं तेवढे अर्ज. "म्हणजे मी एक नाव," ती म्हणाली होती, आणि त्याच्या दंडाला चिमटा काढला होता. "तू एक नाव, आई एक नाव, मी एक नाव," तो हसत बोटांवर मोजत म्हणाला, "आणखी दोन नावं असती तर..." आणि तिथे थांबला. डॉक्टरांकडे खेटे घालणं त्यांनी त्याच वर्षी सोडलं होतं. लॅपटॉपचा पंखा घरघरत राहिला. मग त्याने तिचा हात धरून तिच्याच बोटाने बटण दाबलं होतं, आणि तिच्या फोनवर पहिला निरोप आला होता, आणि दोघं उगाचच हसली होती. आता विचार केला तर सबंध संसारात त्याने इतक्या मायेने तिला दुसरं काही समजावून सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. जातानाही नाही. गेला तोसुद्धा हप्त्याहप्त्याने : आधी थंडीचे कपडे, मग हत्यारांची पेटी, मग इस्त्री. आईला नंतर नेतो, तिकडे जागा लहान आहे, असं म्हणाला. त्या 'नंतर'ला चार वर्षं झाली. तिनेही कधी सासूबाईंना जा म्हटलं नाही आणि सासूबाईंनीही कधी राहू का म्हणून विचारलं नाही. पूर ओसरल्यावर एकाच फांदीला अडकून राहिलेल्या दोन वस्तूंसारख्या त्या दोघी त्या घरात राहिल्या.

जेवणाच्या सुटीत तिने जिन्यात जाऊन त्याला फोन लावला. किती दिवसांनी लावत होती तेही आठवत नव्हतं. "बोल," तो म्हणाला, मागे कुठेतरी लोखंडावर हातोडा पडत होता. "आईंना आला. मला नाही आला." "काय?" "गादीवालीचा. मेसेज." "अच्छा, तो. हो, तुझ्या नावाने नाही केला या वेळी."  तो म्हणाला, "अगं, वकील म्हणतोय आता व्यवहार वेगळे हवेत. पुढेमागे कागद करायचेच आहेत. आणि तिच्या आईचं खातं उघडलंय मी, एक नाव आलंय ते. तुझी तेवढी कटकट वाचली. तुलाच त्रास व्हायचा ना?" "मी कधी म्हटलं?" "दर वेळी म्हणायचीस." ते खरं होतं; सासूबाई त्याच्याशी फोनवर बोलत असताना ती मागून ऐकवायची. जिन्याच्या भिंतीवर कोणीतरी खिळ्याने रेघा ओढल्या होत्या, ती त्यांवरून बोट फिरवत होती. "बरं ऐक," तो म्हणाला, "आईचा मात्र विसरू नकोस हं. उद्या पाचच्या आत. तिला डोळ्यांनी दिसत नाही धड. तू आहेस म्हणून बरं आहे." तू आहेस म्हणून. फोन ठेवल्यावर ती तिथेच पायरीवर बसली. तिच्या आईचं. म्हणजे तो जिच्याकडे राहायला गेला होता त्या बाईची आई. कुठेतरी एक म्हातारी बाई असेल, तिला जावई शेजारी बसवून घेऊन सांगत असेल, पैसे जात नाहीत हो आई, फक्त हात लावता येत नाही. आणि ती म्हातारी खुळ्यासारखी हसत असेल. नवरा घर सोडून गेला तेव्हा ती स्वतः रडली नव्हती. घटस्फोटाचा शब्द आता पहिल्यांदा उच्चारला गेला होता आणि त्याचंही काही वाटत नव्हतं. पण कुठल्याशा चिठ्ठ्यांच्या ढिगात आपल्या नावाची चिठ्ठी यापुढे असणार नाही, तिच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी घडी करून टाकली गेली आहे, हे तिला सहन होईना. सोडतीत कधी नाव निघालं नव्हतं, एखाददुसरा अपवाद सोडला तर. तरी ते ढिगात असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई फोन घेऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. "आत्ताच टाकतेस का तो पिन?" नेहमी तीच टाकायची. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, बोटं थरथरायची, आकडे एकमेकांवर चढायचे. "संध्याकाळी आल्यावर टाकू, आई." हे तिच्या तोंडून इतकं सहज गेलं की तिने स्वतःच मान वर करून पाहिलं. ती सहाला घरी यायची. "पाचची वेळ असते ना गं?" "वाढवलीय या वेळी." डब्याचं झाकण लागत नव्हतं, तिने त्यावर तळहात दाबला. सासूबाई बरं म्हणाल्या आणि फोन परत जागेवर ठेवला, तोंड भिंतीकडे करून, दमलेल्या माणसाला झोपवावं तसा. बसमध्ये तिला वाटलं, उतरावं, परत जावं, एक मिनिटाचं काम. ती उतरली नाही. दिवसभर ती कामात होती आणि दिवसभर तिला घड्याळ दिसत होतं. दुपारी सासूबाईंचा फोन आला. "अगं, शेजारीण म्हणत होती, पाचच वाजता बंद होतं म्हणून." "तिला काय कळतंय?" "नाही, तिचा मुलगा भरतो ना, म्हणून म्हटलं." "आई, हातात काम आहे." "बरं बरं, कर तू." तिने फोन ठेवला. समोर कोणा अनोळखी माणसाचा खालचा जबडा होता, हिरडी झिजून सपाट झालेली. अशा जबड्यावर कवळी टिकत नाही, बोलताना उचलली जाते, माणूस सारखा ओठ दाबून राहतो. असा ओठ दाबून धरलेला आपला चेहरा तिला खिडकीच्या काचेत दिसला. पाच वाजले तसा बातमीदार टाळी वाजवून म्हणाला, "चला, दुकान बंद झालं. आता देव आणि नशीब." तिला वाटलं होतं, त्या क्षणी काहीतरी होईल, आत कुठेतरी थंड वाटेल. काही झालं नाही. बोटांना मेणाचा वास येत होता.

घरी आली तर सासूबाई अंधारात बसलेल्या. दिवा लावला तसा त्यांनी चेहरा दुसरीकडे वळवला. "मी घोळ घातला गं," त्या म्हणाल्या. "शेजारीण म्हणाली म्हणून मला धीर धरवेना. म्हटलं, आपणच टाकून बघावा. एकदा टाकला, चूक म्हणाला. परत टाकला. तिसऱ्यांदा टाकला तर सगळंच बंद झालं. लाल लाल काहीतरी आलं." फोन त्यांनी मांडीवर पालथा ठेवला होता. "तू म्हणाली होतीस संध्याकाळी करू. मीच घाई केली. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर झालं असतं ना?" ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी होती. आता म्हणायला हवं होतं : नसतं झालं, आई, मी आले तेव्हा पाच कधीच होऊन गेले होते, मी तुम्हाला फसवलं. वाक्य पूर्ण तयार होतं, जिभेवर होतं. "असू दे," ती म्हणाली. "होतं असं." तेवढ्यात त्याचा फोन आला. सासूबाईंना कमी ऐकू यायचं म्हणून त्या फोन नेहमी स्पीकरवरच ठेवायच्या, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्या खोलीत पसरला. "आई, मंजुरी गेली नाही तुझी. काय केलंस?" "अरे, माझ्याकडून पिन चुकला." "एवढे चार आकडे टाकता येत नाहीत? मी महिनाभर पैसे अडकवून ठेवलेत तुझ्या खात्यात यासाठी! आणि ती कुठे होती?" सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "ती कामावर होती रे. तिचा काय दोष? ती म्हणाली होती मी टाकते म्हणून. मलाच अक्कल नाही." "जाऊ दे. ते पैसे परत पाठवायला सांग तिला. तुझ्याकडून नाही होणार आता हे." "पुढच्या वेळी नीट करीन ना." "बघू," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. बंद झाल्यावरही सासूबाई त्याच्याकडे पाहत होत्या. "रागावला," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून असाच. राग उतरला की येईल." तिने त्या दिवशी त्यांचं ताट वाढलं, पाणी ठेवलं, त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. थेंब गालावरून ओघळले ते पुसले. आपला हात आपल्याला इतका सवयीचा असतो की तो कोणाचा आहे हे माणूस विचारत नाही.

आणि मग काहीच आलं नाही. बाजार तेजीत होता, लॅबमध्ये रोज नवं नाव निघायचं : आज रंगवाली, उद्या दवाखानेवाली, परवा कोणी विमा विकणारी. बातमीदार प्रत्येकीला भरायचा. घरात दोन्ही फोन शेजारी शेजारी लावलेले असायचे आणि वाजायचे नाहीत. म्हणजे वाजायचे, पण जाहिरातींनी, आणि प्रत्येक वेळी सासूबाई हातातलं टाकून यायच्या. हळूहळू त्यांनी फोन ओट्यावर ठेवणं सोडलं. उशीखाली घ्यायला लागल्या. आंघोळीला जाताना दाराबाहेर स्टुलावर ठेवायच्या आणि दार किंचित उघडं ठेवून आंघोळ करायच्या. "रेंज आहे ना गं?" "आहे." "पैसे भरलेस ना त्याचे?" "भरले." मुलाला फोन लावायच्या, तो एखादवेळेस उचलायचा, कामात आहे आई, मग बोलतो. त्याला त्या इश्यूचं काही विचारायच्या नाहीत. तिलाच एकदा म्हणाल्या, "हल्ली कंपन्या येत नाहीत का गं बाजारात?" ती म्हणाली, "मंदी आहे." मंदी हा शब्द त्यांनी जपून ठेवला. शेजारणीला सांगताना तिने ऐकलं : मंदी आहे ना, नाहीतर त्याचा येतो. आणि एका सकाळी त्या बाहेरचे कपडे घालून तयार होऊन बसल्या, फोन बिघडलाय, दुकानात दाखवून आणू. ती घेऊन गेली. दुकानदाराने फोन उलटसुलट केला, मागचं झाकण काढून फुंकर मारली. "आजी, काही बिघाड नाही यात." "नीट बघा. मेसेज येत नाहीत." "कोणाचे?" सासूबाई पिशवीचे बंद सारखे करू लागल्या. दुकानदाराने स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला. काचेच्या काउंटरवर फोन थरथरत, सरकत, मोठमोठ्याने वाजायला लागला. "वाजतो की," सासूबाई म्हणाल्या. तो वाजतच होता. कोणी उचलत नव्हतं, कोणी बंद करत नव्हतं. त्यांनी तो बंद व्हायची वाट पाहिली, मग रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. रस्त्याने येताना त्या तिचा दंड धरून चालत होत्या आणि तिला वाटत होतं, हे वजन आता आपण मरेपर्यंत या दंडावर राहणार. सांगितलं तर? सांगितलं तर दोघींपैकी एकीला घर सोडावं लागेल, आणि दोघींनाही जायला जागा नव्हती.

सासूबाईंचं शेअरचं खातं उघडताना कागदपत्रं तिनेच जमवली होती, पासवर्ड त्याने तिच्यासमोरच ठेवला होता, आपल्या शाळेतल्या टोपणनावाचा. तो त्याने आता बदलला असेल अशी तिची खात्री होती, किंबहुना आशा. लॅबची वीज दुरुस्तीसाठी बंद होती, ती घरी होती. सासूबाई आंघोळीला गेल्या तसा तिने स्टुलावरचा फोन उचलला, आपल्या फोनवरून त्या खात्यात शिरली. पासवर्ड तोच होता. त्याने बदलायची तसदीही घेतली नव्हती. खातरजमेचा कोड सासूबाईंच्या फोनवर आला, तो तिने वाचला आणि पुसून टाकला. आत पाण्याचा आवाज येत होता. त्या दिवशी एकच इश्यू उघडा होता, नळाच्या तोट्या करणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा. बातमीदाराने नाक मुरडून सांगितलं होतं, त्याला कुत्रंही विचारत नाहीये. तिला काय करायचं होतं? तिने एक लॉट भरला. 'जो ठरेल तो भाव मान्य' पुढे टिक केली. आदल्या दिवशीच पगारातले पैसे तिने सासूबाईंच्या बँकेच्या खात्यात टाकून ठेवले होते. बोट बटणावर नेलं तेव्हा तिच्या हातावर दुसरा हात असल्याचं तिला क्षणभर जाणवलं, जाड, तेलकट रेषांचा. तिने बटण दाबलं आणि हात झटकला. फोन स्टुलावर जसाच्या तसा ठेवून ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. निरोप लगेच येत नाही, वेळ लागतो. सासूबाई बाहेर आल्या, केस पुसले, तिला म्हणाल्या, आज उन्हं चांगली आहेत. जेवणं झाली. भांडी झाली. आणि मग आतल्या खोलीत तो वाजला.  मग "अगं!" अशी हाक, इतकी तरुण की ती दचकलीच. "अगं, आला! त्याचा आला बघ!" ती हात पुसत गेली. सासूबाईंच्या गालांवर लाली चढली होती. "म्हटलं नव्हतं मी? राग उतरला की येतो. मंदी संपली वाटतं. टाक, टाक, आत्ताच टाक बाई, मी हात लावत नाही." तिने पिन टाकला. त्या तिच्या बोटांकडे पाहत होत्या, श्वास रोखून. "झालं?" "झालं." "नक्की?" "नक्की, आई." त्या दिवशी त्यांनी फोन परत ओट्यावर चार्जिंगला लावला. तिला वाटलं होतं, निदान आज झोप लागेल. पण सासूबाईंच्या खोलीतून हलकं गुणगुणणं येत होतं, आणि ते ऐकत पडून राहण्याइतकी वाईट गोष्ट आजवर तिने केली नव्हती.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. ज्याला फारसं कोणी विचारत नाही त्याची सोडत होत नाही. मागेल त्याला मिळतं. काही दिवसांनी सासूबाईंच्या फोनवर दुसरा निरोप आला आणि या वेळी शेजारीणच घरात होती, तिने मोठ्याने वाचून दाखवला : अभिनंदन, आपल्याला समभाग मिळाले आहेत. ती कामावरून आली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "लागला! इतक्या वर्षांत माझ्या नावाला कधी लागला नव्हता. आता त्याला फोन करते." "कशाला?" ती म्हणाली. "कळलं असेलच त्याला." "कळलं असलं तरी. माझ्या तोंडून ऐकू दे." "कामात असेल, आई. उद्या करा." "संध्याकाळी कसलं काम?" ती चपला न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. हात धुवायचे होते, पण हात धुतले जाईनात; पाणी नुसतं बोटांवरून जात होतं. आता तो म्हणणार : कसला अर्ज? मी कुठे केला? तोट्यांच्या कंपनीत पैसे घालायला मला वेड लागलंय? सगळ्या खोलीत ऐकू जाणार. मग सासूबाई दारात येणार, काही विचारणार नाहीत, फक्त बघणार. तिला वाटलं, होऊन जाऊ दे. आणि तेवढ्याच जोराने वाटलं, नको. पलीकडे घंटी वाजायला लागली, स्पीकरवर, घरभर. वाजत राहिली. तिने नळ बंद केला आणि ओल्या हातांनी बोळात येऊन उभी राहिली. सासूबाई पलंगाच्या कडेला पाठमोऱ्या बसल्या होत्या, फोन दोन्ही हातांत तोंडापुढे धरलेला. घंटी थांबली. एक रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, आपण ज्यांना फोन लावला आहे ते उत्तर देत नाहीत. तो आवाज दोनदा तेच म्हणाला आणि तोडून टाकल्यासारखा गेला.  सासूबाईंची मान थोडी खाली गेली. बोळातल्या फरशीवर तिच्या हातातलं पाणी ठिबकत होतं, त्याचा आवाज तिला ऐकू येत होता. त्यांनाही आला असावा. कारण त्यांनी मान वर केली, पण मागे वळून पाहिलं नाही.

"हां, बोल रे," त्या बंद फोनमध्ये म्हणाल्या. "अरे, लागला. हो, हो, माझ्याच नावाला. नाही, तिनेच टाकला पिन. बरं. बरं. नाही विकत. ठेवते, ठेवते." मध्ये मध्ये त्या थांबत होत्या, समोरचा बोलायला जितका वेळ लागेल तितका. एकदा तर हसल्या. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला, डोळे पुसले आणि हळूच वळल्या, ती आताच आली आहे असं धरून. तिने विचारलं नसतं तर बरं झालं असतं. पण न विचारणं म्हणजे सगळं बोलून टाकणं होतं.

"काय म्हणाला?"

"खूश झाला," सासूबाई म्हणाल्या. "तुझीही चौकशी केली हो. म्हणाला, तिला सांग, फार दमू नकोस म्हणावं."

ती चौकटीला टेकून उभी राहिली. 

"पुढच्या वेळी बोललात की सांगा त्याला," ती म्हणाली, "नाही दमत म्हणून."

"सांगते," सासूबाई म्हणाल्या.